गिरणगाव

गिरणगाव हे मध्य मुंबईतील परळ, लालबाग, चिंचपोकळी, वरळी, नायगाव व लगतच्या भागांत कापडगिरण्यांभोवती वाढलेल्या कामगारवस्तीचे रूढ नाव होय. या नावाचा स्वतंत्र प्रशासकीय विभाग कधीच नव्हता.

उदय

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेली ताडदेव येथील सूतगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाच्या निर्यातीतून शहरात मोठा पैसा आला. पुढील दशकांत गिरण्यांची संख्या वाढत जाऊन त्या परळ-लालबागच्या तुलनेने मोकळ्या परिसरात पसरल्या. कामगार मुख्यतः कोकण व घाटमाथ्यावरून येत. भरती जॉबरच्या हाती असल्याने नोकरी मिळवण्यास गावची वा नात्याची ओळख लागे.

वस्ती व जीवन

नावातील ‘गाव’ सार्थ आहे. एका गावचे लोक मिळून चाळीत खोली घेत. वेगवेगळ्या पाळ्यांमुळे तीच खोली अनेकांना पुरे. भाडे वाटून घेतले जाई आणि उरलेला पैसा मनिऑर्डरने घरी जाई. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी व डिलाईल रोड येथे बीडीडी चाळी बांधल्या. कुटुंब गावी ठेवून आलेल्यांचे जेवण खाणावळीवर चाले. खाणावळी चालवणाऱ्या स्त्रियांचे श्रम गिरणीच्या हजेरीपटावर नव्हते, म्हणून इतिहासातही ते उशिरा आले. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ स्थापून त्यांना संघटित केले.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० मध्ये गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. १९२८ च्या मोठ्या संपातून गिरणी कामगार युनियन पुढे आली. अण्णा भाऊ साठे, शाहीर अमर शेख व नारायण सुर्वे यांच्या साहित्याशी या वस्तीचे नाते होते. लालबागच्या प्रसिद्ध सार्वजनिक गणेशोत्सवास १९३४ मध्ये आरंभ झाला.

ऱ्हास

दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. वेतनवाढ, बदली कामगारांना कायम करणे आणि मान्यताप्राप्त संघटना निवडण्याचा हक्क या प्रमुख मागण्या होत्या. अनेक जण गावी परतले. गावच्या शेतीने संप दीर्घकाळ तगवला, परंतु तो यशस्वी झाला नाही आणि औपचारिकरीत्या कधी मागेही घेतला गेला नाही. संपाला ऱ्हासाचे एकमेव कारण मानणे एकांगी ठरते. जुनी यंत्रसामग्री, यंत्रमागांची स्पर्धा आणि जमिनीची वाढती किंमत ही कारणे आधीपासून होती.

१९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांची जमीन महापालिका, म्हाडा व मालक यांच्यात विभागण्याची तरतूद केली. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती ठेवल्याने सार्वजनिक वाटा फार घटला. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली.

फिनिक्स व कमला या गिरण्यांच्या आवारात आज मॉल, कार्यालये व उपाहारगृहे आहेत. दादरच्या इंदू मिलची जागा डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकास देण्यात आली. गिरणी कामगार व त्यांच्या वारसांसाठी म्हाडाने २०१२ पासून घरांची सोडत काढली. पुढील सोडतीतील काही घरे पनवेलजवळील कोन येथे आहेत.