सामान्य अभियांत्रिकी ज्ञान (सागरी अभियांत्रिकी)

सामान्य अभियांत्रिकी ज्ञान हा व्यापारी जहाजावर अभियंता होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांच्या सक्षमता परीक्षेतील एक विषय आहे. मुख्य इंजिनाचा अभ्यास स्वतंत्रपणे केला जातो. जहाजावरील इतर बहुतेक यंत्रसामग्री या विषयात येते. भारतात ही परीक्षा मुंबईस्थित नौवहन महासंचालनालयाच्या नियंत्रणाखाली लेखी व तोंडी स्वरूपात होते.

व्याप्ती

पंप, बॉयलर, हवेचे कॉम्प्रेसर, शीतकरण यंत्रणा, सुकाणू यंत्रणा आणि गोडे पाणी तयार करणारे संयंत्र हे यातील प्रमुख घटक होत. भर समुद्रात बाहेरून कारागीर बोलावता येत नाही. त्यामुळे यंत्राची रचना पाठ असणे पुरेसे नसून बिघाडाचे कारण शोधण्याची क्षमता तपासली जाते. उदाहरणार्थ, गोड्या पाण्याच्या संयंत्रात इंजिन थंड करताना तापलेल्या पाण्याची उष्णता वापरतात. आतील दाब कमी केल्याने समुद्राचे पाणी सुमारे ५० अंश सेल्सिअसलाच उकळते. उत्पादन घटल्यास हवेची गळती झाली आहे की नळ्यांवर क्षार साचले आहेत, हे उमेदवाराला सांगता आले पाहिजे.

सुरक्षाविषयक नियम

आंतरराष्ट्रीय नियमांनुसार पूर्ण वेगात सुकाणू एका बाजूच्या ३५ अंशांपासून दुसऱ्या बाजूच्या ३० अंशांपर्यंत २८ सेकंदांत वळले पाहिजे. मुख्य वीजपुरवठा खंडित झाल्यास मालवाहू जहाजावरील आपत्कालीन जनित्राने ४५ सेकंदांत वीज पुरवणे अपेक्षित असते. आपत्कालीन सुकाणूचा सराव किमान तीन महिन्यांतून एकदा करावा लागतो.

रत्नागिरीचा किनारा

आरे-वारे हा किनारा रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या सागरी मार्गावर आहे. त्याच्या दक्षिणेस असलेल्या मिऱ्या येथे ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळात, 'बसरा स्टार' हे जहाज किनाऱ्याला लागून रुतले. वादळी वारा किनाऱ्याच्या दिशेने वाहत असताना कोणत्याही जहाजाचे इंजिन अथवा सुकाणू बंद पडले, तर सावरण्यास फार थोडा अवधी मिळतो. वरील नियमांतील सेकंदांचे महत्त्व अशा प्रसंगी कळते.

प्रशिक्षण

मुंबईत १९२७ पासून 'डफरिन' या प्रशिक्षण जहाजावर नौवहनाचे शिक्षण दिले जाऊ लागले. १९४९ मध्ये सागरी अभियंत्यांसाठी कोलकाता व मुंबई येथे स्वतंत्र प्रशिक्षणाची सोय झाली. पुढे २००८ मध्ये भारतीय सागरी विद्यापीठ स्थापन झाले.