खाट आणि गुणपत्रिका

मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट 1838 साली दापोडीस वारले, आणि त्यांच्या स्मरणार्थ शहरातील प्रतिष्ठितांनी वर्गणी गोळा करून एतद्देशीय तरुणांना पाश्चात्त्य वैद्यक शिकविणारी पाठशाळा काढण्याचा संकल्प सोडला. जमशेटजी जिजीभाईंनी रुग्णालयासाठी एक लाख रुपयांची देणगी दिली, आणि 1845 साली भायखळ्यास रुग्णालय व महाविद्यालय शेजारी शेजारी सुरू झाले. या शेजाराचे महत्त्व मला फार मोठे वाटते. मुंबईत वैद्यक शिकविण्याचा प्रयत्न त्यापूर्वीही झाला होता. 1826 साली डॉ. मॅक्लेनन यांच्या देखरेखीखाली सरकारने काढलेल्या शाळेत मराठी व गुजराती भाषांतून शिक्षण दिले जाई आणि खुद्द मॅक्लेनन यांनी त्यासाठी ग्रंथांची भाषांतरे सिद्ध केली होती, परंतु 1832 साली सरकारी हुकमाने ती शाळा मोडली. भायखळ्याच्या विद्यार्थ्याला मात्र पुस्तक मिटून उठले की चार पावलांवर रुग्णाची खाट होती.

त्या खाटेला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणून ठेवण्याचे श्रेय पहिले प्राचार्य डॉ. चार्ल्स मोरहेड यांचे. एडिंबरोस ॲलिसन यांच्यापाशी आणि पॅरिसमध्ये लुई यांच्यापाशी शिकलेल्या या गृहस्थांनी, व्याख्यान कितीही सुबोध असले तरी रोग्याची नाडी, जीभ, श्वास व त्याचे स्वतःचे बोलणे यांची जागा ते घेऊ शकत नाही, हे तत्त्व हिंदुस्थानात आणून रुजविले. आणि रुग्णालयातील वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांवर आधारलेला त्यांचा हिंदुस्थानातील रोगांवरील बृहद्ग्रंथ 1856 साली प्रसिद्ध झाला, तेव्हा खाटेजवळून विद्या कशी निपजते याचा पुरावाच लोकांच्या हाती आला.

पहिल्या विद्यार्थ्यांत पेडणे महालातील मांद्रे गावचे भाऊ दाजी लाड होते. काठेवाडातील जाडेजांच्या बालहत्येवर निबंध लिहून सहाशे रुपयांचे पारितोषिक त्यांनी आधीच मिळविले होते, आणि एल्फिन्स्टनमध्ये ते शिकवीतही होते. म्हणजे मान, वेतन व परीक्षेतील यश ही तिन्ही पदरात असताना हा मनुष्य पुन्हा विद्यार्थी होऊन बसला. पदवी घेतल्यावर धाकटे बंधू नारायण यांच्यासह त्यांनी गोरगरिबांसाठी दवाखाना उघडला, आणि महारोगावर उपाय शोधीत असता संस्कृत वैद्यकाच्या पोथ्या चाळून, कडू कवठाच्या बियांचे तेल रोग्यांवर वापरून, त्याचा परिणाम धीराने पाहत राहिले. हे काम त्यांना कोणत्याही परीक्षकाने नेमून दिलेले नव्हते. 1874 साली ते वारले तोपर्यंत त्यांच्यातला विद्यार्थी सरला नाही, एवढे त्यांच्या चरित्रावरून निःशंकपणे म्हणता येते.

पुढे 1857 साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, 1860 साली महाविद्यालय त्याला जोडले गेले, आणि प्रवेशाचा दाखला म्हणून आधी मॅट्रिक व कालांतराने इंटर सायन्स मुक्रर झाले. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ, या पेचातून गुणांच्या उतरत्या यादीचा जन्म झाला. तरीही इंटरच्या 'बी ग्रुप'मध्ये विद्यार्थ्याला बेडूक चिरावा लागे; फॉर्मॅलिनचा उग्र वास, मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेले अवयव आणि थरथरत्या हातातील चिमटा यांतून, आपल्याला हे काम सोसवेल की नाही याची थोडीबहुत पारख तरी होऊन जाई. शालेय शिक्षणाचा आकृतिबंध बदलल्याबरोबर ती निवड बारावीवर आली, आणि 2016 पासून देशभर एकच प्रवेश परीक्षा सक्तीची झाली: एकशे ऐंशी प्रश्न, सातशे वीस गुण, आणि प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. प्रयोगशाळेतल्या कामाला त्या गुणांत जागा उरली नाही.

गुणपत्रिकेची निंदा करणे सोपे आहे, पण मी ती करणार नाही. कारण वशिला, वतन वा ओळखपाळख यांपैकी काहीही नसलेल्या मुलाला महाविद्यालयाच्या दारात उभे राहण्याचा हक्क तिनेच दिला. लातूरसारख्या वारंवार पाणीटंचाई सोसणाऱ्या जिल्ह्यातून, पहाटेपासून रात्रीपर्यंत प्रश्नपत्रिकांचा सराव करून, शेकडो मुले डॉक्टर झाली, आणि 'लातूर पॅटर्न' हा शब्द मराठीत आदराने रूढ झाला. माझे दुःख वेगळे आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी, कुतूहल सर्वांत तीव्र असताना, त्या मुलाला 'हे परीक्षेला आहे का' एवढेच विचारण्याची सवय आपण लावली. आणि मोरहेड यांनी परीक्षेला खाटेच्या सेवेत आणून बसविले होते, तिथे खाट ही परीक्षेनंतरची, लांबणीवर पडलेली गोष्ट होऊन बसली.

असा मुलगा पुढे रुग्णकक्षात पहिल्यांदा जातो, तेव्हा खाटेवरची म्हातारी त्याला सांगते की तीन दिवसांपासून अंगात कसकस आहे, चालले की धाप लागते आणि हातापायांना मुंग्या येतात. चार पर्याय तिथे नसतात. हे शब्द मात्र त्याने आजीच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलेले असतात, तो वही मिटतो, स्टूल खाटेजवळ ओढतो, आणि तिला विचारतो, "आजी, कसकस आधी सुरू झाली की धाप?"