चांगली बालवाडी कशी ओळखावी?

तीन वर्षांच्या मुलाला बालवाडीत घालताना पालक सहसा चार गोष्टी विचारतात: फी किती, घरापासून अंतर किती, माध्यम कोणते आणि लिहायला कधी शिकवणार? मुलाच्या वाढीच्या दृष्टीने याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र बहुतेक वेळा राहून जातो. तो म्हणजे, तिथली ताई मुलांशी कशी बोलते?

पहिली सहा वर्षे महत्त्वाची का?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार मेंदूचा ८५ टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहाव्या वर्षापूर्वी होतो. भाषा, लक्ष देण्याची क्षमता, राग आवरणे, इतरांसोबत वाटून घेणे या साऱ्याचा पाया याच काळात घातला जातो. म्हणूनच या धोरणाने ३ ते ८ हा वयोगट 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र धरला आहे.

या वयातील शिक्षणाचा परिणाम किती टिकतो, हे अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या पेरी प्रीस्कूल प्रयोगातून दिसले. १९६२ ते १९६७ या काळात तेथील गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट करण्यात आले. ५८ मुलांना उत्तम बालशिक्षण मिळाले, उरलेल्यांना नाही. पहिल्या गटाचा बुद्ध्यंक सुरुवातीला वाढला, पण काही वर्षांत हा फरक पुसला गेला. तरीही वयाच्या चाळिशीपर्यंत माग ठेवल्यावर दिसले, की या गटातील अधिक जणांनी शालेय शिक्षण पूर्ण केले होते, त्यांची कमाई जास्त होती आणि अटकेचे प्रमाण कमी होते. प्रयोग लहान होता, पण एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तिथे शिक्षक प्रशिक्षित होते, एका शिक्षकाकडे मोजकीच मुले होती आणि शिक्षक दर आठवड्याला मुलांच्या घरीही जात. केवळ वर्गात बसवल्याने असा परिणाम मिळत नाही.

दर्जा म्हणजे नेमके काय?

दर्जाचे दोन भाग पडतात. पहिला भाग मोजता येतो. भारताच्या २०१३ च्या बालसंगोपन व शिक्षण धोरणाने त्याचे किमान निकष दिले आहेत:

- ३ ते ६ वर्षांच्या २० मुलांमागे एक मोठी व्यक्ती. ३ वर्षांखालील १० मुलांमागे एक.
- ३० मुलांसाठी किमान ३५ चौरस मीटरची खोली आणि बाहेर खेळायला किमान ३० चौरस मीटर जागा.
- रोज तीन ते चार तासांचा कार्यक्रम.
- पिण्याचे स्वच्छ पाणी, मुलांना वापरता येईल असे स्वच्छतागृह आणि सुरक्षित इमारत.
- मातृभाषेतून किंवा परिसरभाषेतून शिक्षण.

दुसरा भाग मोजायला अवघड, पण तोच निर्णायक असतो: मोठ्यांचे मुलांशी दिवसभराचे वागणे. समजा, एखाद्या मुलाने अंगणातली मुंगी दाखवली. 'हो, मुंगी आहे. चल, जागेवर बस,' असे उत्तर मिळाले तर संवाद तिथेच संपतो. 'हिच्या तोंडात काय आहे? कुठे निघाली असेल?' असे विचारले तर मूल नीट पाहते, अंदाज बांधते, नवे शब्द वापरते. पहिला भाग चांगला असला की ताईला अशा गप्पांना वेळ मिळतो. एकटीकडे चाळीस मुले असतील, तर 'गप्प बसा' म्हणण्यातच तिचा दिवस जातो.

खेळातून शिक्षण कसे होते?

तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या मनगटातली हाडे पूर्ण तयार झालेली नसतात आणि बोटांच्या लहान स्नायूंवर ताबा आलेला नसतो. अशा वेळी पानभर अक्षरे गिरवायला लावली तर हात दुखतो आणि लिहिण्याचाच कंटाळा येतो. मणी ओवणे, मातीचे गोळे करणे, कागद फाडून चिकटवणे, शेंगा सोलणे यांतून तोच हात लिहिण्यासाठी तयार होतो.

बडबडगीतांमुळे शब्दांतील ध्वनी कानाला वेगवेगळे ऐकू येऊ लागतात; पुढे वाचायला शिकताना हेच कामी येते. खाऊच्या वेळी प्रत्येकासमोर एक ताटली ठेवणे ही मोजणीची पहिली पायरी. चिंचोके आणि शंख वेगळे करणे म्हणजे वर्गीकरण.

कोसबाडचा धडा

यासाठी महागडे साहित्य लागत नाही, हे महाराष्ट्रात फार पूर्वी सिद्ध झाले आहे. गिजुभाई बधेका यांच्यासोबत भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पाने, बिया, शंख-शिंपले, खडे हे शिकण्याचे साहित्य झाले. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा जवळजवळ होत्या, त्यामुळे धाकट्या भावंडांना सांभाळणाऱ्या मुलींनाही शिकता येऊ लागले.

१९७५ साली केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. मात्र पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आरोग्य व आहार शिक्षण आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवांची जबाबदारी या केंद्रावर असते. तिथे साधारणपणे एक सेविका आणि एक मदतनीस. नोंदी आणि आहारवाटपात वेळ गेला की शिक्षणच मागे पडते.

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयोगटाला मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देतो. ३ ते ६ वर्षांच्या मुलांसाठी मात्र शासन 'व्यवस्था करू शकेल' एवढेच त्यात म्हटले आहे. त्यामुळे या वयात दर्जा पाहण्याचे काम बरेचसे पालकांवर येते.

पाळणाघर निवडताना

तीन वर्षांखालील बाळासाठी माणूस ओळखीचा असणे सर्वांत महत्त्वाचे. सांभाळणाऱ्या बाई वारंवार बदलत असतील, तर बाळाला विश्वास वाटायला वेळ लागतो. भरवताना, कपडे बदलताना त्या बाळाशी बोलतात का, ते पाहा. सर्व बाळांना एकाच वेळी सक्तीने झोपवणे आणि तासन् तास टीव्हीसमोर बसवणे ही धोक्याची चिन्हे आहेत.

भेटीत काय पाहावे?

प्रवेशापूर्वी बालवाडी चालू असताना अर्धा तास बसू द्यायची विनंती करा आणि पुढील गोष्टी पाहा:

- ताई खाली बसून, मुलांच्या डोळ्यांना डोळे भिडवून बोलतात का?
- मुलांचा आवाज ऐकू येतो, की फक्त ताईंचाच?
- खेळणी मुलांच्या हाती लागतील अशी आहेत, की कपाटात बंद?
- मुलाने घरची बोली वापरली तर हसतात, की समजून घेतात?
- रडणाऱ्या मुलाला जवळ घेतात, की कोपऱ्यात बसवतात?
- शिक्षा, मारण्याचा धाक किंवा परीक्षा आहे का?
- पालकांना आत येण्याची मुभा आहे का?

सुरुवातीचे काही दिवस बहुतेक मुले रडतात. त्यावरून बालवाडी वाईट ठरत नाही. महिनाभराने मूल घरी तिथली गाणी म्हणते का, मित्रांची नावे सांगते का, याकडे लक्ष द्या. ते अजूनही घाबरत असेल, तर ताईंशी मोकळेपणाने बोला. तरीही फरक पडला नाही, तर वर्षाच्या मध्येही बालवाडी बदलायला हरकत नाही.