जोडणी वेगवान, माहिती मात्र संथ : दोष कुठे शोधावा?

बंगळुरू शहराला दूरच्या अंतरावरील माहिती-वहनाचा चार दशकांचा अनुभव आहे. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने १९८५ मध्ये येथे केंद्र स्थापन केले, तेव्हा परदेशाशी संपर्कासाठी उपग्रहाचा आधार घेण्यात आला होता. पुढे समुद्राखालील प्रकाशीय तंतूंच्या केबल आल्या. मार्च २०१० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने ५,९९० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी दिली आणि देशातील संशोधन संस्था अतिवेगवान जोडणीने एकमेकींशी जोडल्या गेल्या. तरीही एक तक्रार कायम राहिली : जोडणी एक गिगाबिटची असताना फाइल मात्र दोन-तीन मेगाबिटच्या वेगानेच का जाते?

या प्रश्नाचे महत्त्व केवळ सोयीपुरते नाही. सप्टेंबर २०१५ मध्ये अंतराळात गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहाची माहिती बंगळुरूजवळील ब्यालाळू येथील इस्रोच्या केंद्रात उतरवून, त्यातील एका उपकरणाची माहिती पुण्यातील आयुका या संस्थेकडे पाठवण्याची व्यवस्था करण्यात आली. या उपकरणाने शेकडो गॅमा-किरण स्फोट टिपले. असे स्फोट लवकर मावळतात; त्यामुळे माहिती पोहोचण्यास विलंब झाला तर इतर दुर्बिणींची संधी हुकते.

पोचपावतीची वाट

इंटरनेटवरील बहुतांश फाइल टीसीपी या नियमावलीनुसार जातात. पाठवणारा संगणक माहितीची लहान लहान पाकिटे करतो, ठरावीक संख्येने पाठवतो आणि पोच येईपर्यंत थांबतो. पोच न येता जितकी माहिती वाटेत असू शकते, त्या मर्यादेस ‘विंडो’ म्हणतात. मूळ रचनेत ही मर्यादा सुमारे ६४ किलोबाइट होती.

तंतूमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. बंगळुरू ते अमेरिका आणि परत या फेरीस २०० मिलिसेकंद लागतात असे धरल्यास, ६४ किलोबाइटच्या विंडोने सेकंदाला जेमतेम २.६ मेगाबिट माहिती जाते. जोडणी कितीही मोठी असली तरी हा आकडा बदलत नाही. एक टेराबाइट माहिती पाठवण्यास अशा स्थितीत सुमारे ३५ दिवस लागतील. एक गिगाबिटची पूर्ण क्षमता वापरल्यास हेच काम सव्वादोन तासांत होईल. त्यासाठी क्षमता आणि फेरीचा काळ यांच्या गुणाकाराइतकी, म्हणजे २५ मेगाबाइटची विंडो आवश्यक ठरते. विंडो मोठी करण्याची तरतूद १९९२ मध्ये प्रमाणित झाली. आजच्या संगणकांत ती असते. परंतु कमाल मर्यादा अनेकदा काही मेगाबाइटचीच ठेवलेली आढळते.

एक पाकीट हरवले तर

ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत बर्कले परिसरातील जाळ्यावर गर्दी होऊन वेग ३२ किलोबिटवरून ४० बिटपर्यंत घसरला. त्यानंतर व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला संयम शिकवला : पाकीट हरवले की वेग निम्मा करायचा आणि मग हळूहळू वाढवायचा. जवळच्या अंतरावर हे उपयुक्त असले, तरी वरील उदाहरणात एकच पाकीट हरवल्यास पूर्ण वेग परत मिळवण्यास सुमारे अर्धा तास लागतो. म्हणूनच कार्यालयातल्या कार्यालयात लक्षातही न येणारा दोष परदेशी जोडणीवर ठळकपणे जाणवतो. लिनक्समध्ये २००६ पासून प्रचलित असलेली क्युबिक आणि गूगलने २०१६ मध्ये मांडलेली बीबीआर या पद्धती हा विलंब कमी करतात.

तपासणीचा क्रम

प्रथम एककांची खात्री करावी. जोडणीची क्षमता बिटमध्ये, तर फाइलचा आकार बाइटमध्ये सांगितला जातो. एक बाइट म्हणजे आठ बिट.

त्यानंतर ‘पिंग’ आज्ञेने फेरीचा काळ मोजून आवश्यक विंडोचा हिशेब करावा आणि दोन्ही टोकांच्या संगणकांवरील मर्यादा तपासावी. एका टोकाची मर्यादा कमी असली तरी परिणाम तोच होतो.

तिसऱ्या टप्प्यात ‘आयपर्फ’सारख्या साधनाने केवळ स्मृतीतून स्मृतीत माहिती पाठवून पाहावी. हा वेग चांगला आला, तर दोष जाळ्यात नसून डिस्कमध्ये किंवा फाइल पाठवणाऱ्या प्रणालीत आहे, असे समजावे.

हा वेगही कमी असल्यास मार्गाचे तुकडे करून प्रत्येकाची स्वतंत्र चाचणी घ्यावी. तंतूच्या जोडावरील धूळ, दोन उपकरणांतील विसंगत मांडणी, अपुरा बफर असलेला स्विच आणि भार न पेलणारी फायरवॉल ही पाकिटे हरवण्याची नेहमीची कारणे आहेत. चाचणी दोन्ही दिशांनी घेणे आवश्यक असते, कारण दोष अनेकदा एकाच दिशेला असतो.

तातडीचा उपाय म्हणून फाइलचे भाग करून अनेक समांतर प्रवाहांनी पाठवता येतात. त्याने वेग वाढतो, मात्र मूळ दोष तसाच राहतो.

अंतरामुळे लागणारा वेळ कोणत्याही खर्चाने टाळता येत नाही. त्यामुळे अधिक क्षमतेची जोडणी विकत घेण्यापूर्वी वरील चाचण्या करणे हिताचे ठरते. दोष टोकाच्या संगणकात असेल, तर दहापट क्षमतेच्या जोडणीवरही फाइल पूर्वीच्याच वेगाने जाईल.