अर्धवट बंद पडलेली मालिका पाहावी का?

काल्पनिक मालिका मध्येच बंद पडली, तर प्रेक्षकांना शेवट कळतच नाही. म्हणून रहस्यमालिका सुरू करण्याआधी ती पूर्ण झाली आहे का, हे बघून घ्यावं. चरित्रमालिकेचं मात्र वेगळं असतं. सोनी मराठीवरची ‘सावित्रीजोती’ कमी टीआरपीमुळे डिसेंबर २०२० मध्ये, कथा पूर्ण होण्याआधीच बंद झाली. तरीही ती जरूर पाहावी, कारण पुढची गोष्ट इतिहासात आहे. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. १८९० मध्ये त्यांचं, तर १८९७ मध्ये प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंचं निधन झालं. कोल्हापूर संस्थानात ही मागणी राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्रत्यक्षात आणली: प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत झालं.