व्हिडिओ कलेची मुंबईतील पूर्वपीठिका : एक दृष्टिक्षेप

करमाडसारख्या गावातून येणाऱ्या कला-इतिहासाच्या विद्यार्थ्याला अजिंठ्याची भित्तिचित्रे आपली, तर व्हिडिओ कला प्रथम परकी वाटते. पुढे तिची ओढ वाढते, तेव्हा ती परंपरेशी फारकत मानली जाते. इतिहास मात्र निराळा आहे. चित्रकार अकबर पदमसी यांनी नेहरू फेलोशिपच्या आधारे १९६९ मध्ये मुंबईत ‘व्हिजन एक्स्चेंज वर्कशॉप’ ही कार्यशाळा सुरू केली. तेथे नलिनी मलानी यांनी छायाचित्र व चित्रपट या माध्यमांत आरंभीचे प्रयोग केले. कराचीत जन्मलेल्या मलानी यांनी पोखरणच्या अणुचाचण्यांनंतर, १९९८ मध्ये, फाळणीचे स्मरण जागविणारी ‘रिमेंबरिंग टोबा टेक सिंग’ ही व्हिडिओ मांडणी साकारली. म्हणजेच हे माध्यम येथे चित्रकारांच्याच हातून, येथील इतिहासाच्या संदर्भात रुजले.

तथापि, पदमसी यांच्या ‘इव्हेंट्स इन अ क्लाउड चेंबर’ या १९६९ च्या चित्रपटाची एकमेव प्रत हरवली. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीची भित्तिचित्रे आजही पाहता येतात. अर्धशतकापूर्वीचा हा चित्रपट मात्र पाहता येत नाही. म्हणूनच विद्यार्थ्याच्या या ओढीला जतन व नोंदीच्या अभ्यासाची जोड देणे, हे अध्यापकांचे कर्तव्य ठरते.