‘लॉजिक’ कोणाच्या डोक्यात असतं?

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी प्रोग्रामिंगच्या सरांनी महिन्याभरातच वर्गाची वाटणी करून टाकली होती. ‘‘ज्याचं लॉजिक चांगलं त्यालाच कोडिंग जमतं. बाकीच्यांनी प्रोग्रॅम पाठ करा.’’ आम्ही केले. टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर टाइप करायचं, आउटपुटची प्रिंट जर्नलमध्ये चिकटवायची, सही घ्यायची. व्हायवात ‘ही ओळ काढली तर काय होईल?’ असं विचारलं की घाम फुटायचा. मी पाठ करणाऱ्यांतला. पुढे कोडिंगवरच पोट भरू लागलो, पण ती वाटणी डोक्यातून गेली नाही.

वाचायला लागल्यावर कळलं, की सर एकटे नव्हते. २००१ साली जॉर्जिया टेकच्या मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, प्रोग्रामिंगचे पहिल्या वर्षाचे कोर्स झाल्यावर, साधा कॅल्क्युलेटर लिहायला दिला. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९. शिकवणारे हादरले. पोरांना प्रॉब्लेम सोडवताच येत नाहीत, असं म्हणून विषय तिथेच मिटला असता. पण सिडनीच्या रेमंड लिस्टर यांनी आणखी खालचा प्रश्न विचारला: यांना दुसऱ्याने लिहिलेला कोड वाचता तरी येतो का?

२००४ साली सात देशांतल्या विद्यार्थ्यांना कोडचे छोटे तुकडे देऊन बहुपर्यायी प्रश्न विचारले गेले. लूप संपल्यावर या व्हेरिएबलमध्ये काय असेल, इतपतच. बरेच जण इथेही अडखळले. म्हणजे बाराखडी कच्ची असताना आपण निबंध मागत होतो. ज्यांनी कागदावर व्हेरिएबलच्या किमती मांडत, खोडत कोड चालवून पाहिला, त्यांची उत्तरं जास्त बरोबर आली. आमच्याकडे याला ‘ड्राय रन’ म्हणायचे. फॅक्टोरियलसाठी तो एकदा फळ्यावर झाला होता, आणि मग पुसला गेला.

तरी जन्मजात लॉजिकची समजूत सुटेना. २००६ मध्ये मिडलसेक्स विद्यापीठाच्या सईद देहनादी आणि रिचर्ड बोरनाट यांचा एक मसुदा फिरू लागला. प्रोग्रामिंगचा एक शब्दही न शिकलेल्यांना विचारायचं: ए = १०, बी = २०, मग ए = बी; आता दोघांत काय? उत्तर चुकलं तरी हरकत नाही, पण सगळ्या प्रश्नांना एकच नियम लावणारा पास होणार, बाकीचे बुडणार, असा दावा होता. उंटाच्या दोन उंचवट्यांसारखे दोन गट. २०१४ मध्ये खुद्द बोरनाट यांनी हा दावा मागे घेतला. मागे घेतलेल्याची बातमी मूळ दाव्याइतकी फिरत नाही, ते सोडा.

दरम्यान कॅलिफोर्नियात, सॅन डिएगोच्या विद्यापीठात, बेथ सायमन आणि लिओ पोर्टर हार्वर्डच्या एरिक मझूर यांनी फिजिक्सच्या वर्गात रुजवलेली पद्धत कॉम्प्युटरच्या वर्गात वापरत होते. स्क्रीनवर प्रश्न टाकायचा. प्रत्येकाने आधी एकट्याने क्लिकरवर मत द्यायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा आणि पुन्हा मत द्यायचं. उत्तर त्यानंतर. चार कोर्स, या पद्धतीने घेतलेले त्यांचे १६ वर्ग आणि १० वर्षांची आकडेवारी २०१३ साली छापून आली. नापासांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं होतं. विद्यार्थी तसेच, त्यांच्या डोक्यात नवीन लॉजिक कोणी भरलं नव्हतं.

मला सगळ्यात लागला तो २०१६ चा एलिझाबेथ पॅटिट्सास आणि सहकाऱ्यांचा निबंध. त्यांनी ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या कोर्सच्या निकालांचे ७७८ आलेख तपासले. त्यांतल्या फक्त ५.८ टक्के आलेखांत एकाहून जास्त उंचवटे निघाले. मग त्यांनी कॉम्प्युटरच्या प्राध्यापकांना काही संदिग्ध आलेख दाखवले. काहींना उपजतच हे जमतं असं मानणाऱ्यांना त्यांत दोन उंचवटे जास्त दिसले.

आमच्या वर्गाचा निकाल तेव्हा नोटीस बोर्डावर लागला होता. सर त्यापुढे उभे राहून म्हणाले होते, ‘‘बघा, दिसतंय ना?’’ आणि आम्हालाही दिसलं होतं.